वार्षिकांक नेमका कोण उघडतं? कोकणातल्या कॉलेज-अंकासाठी वाचक आणि मांडणीचा अभ्यास

कॉलेजच्या अंकाचं काम बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होतं. आधी फळ्यावर नोटीस लागते, 'साहित्य अमुक तारखेपर्यंत जमा करावे.' मग कविता जमतात, आणि कविता नेहमीच पुष्कळ जमतात. जानेवारीत कोणाला तरी मुखपृष्ठाची आठवण होते, नारळाची झाडं आणि मावळता सूर्य शोधून काढला जातो, छापखान्यातला ऑपरेटरच पानं लावून देतो आणि अंक निघतो. तो कोणाच्या हातात पडणार, कुठे बसून उघडला जाणार, किती वेळ उघडा राहणार, हे या सगळ्या धावपळीत कोणी विचारलेलंच नसतं.

ते कसं विचारायचं आणि त्यावरून पानं कशी ठरवायची, हे इथे पायरीपायरीने सांगतो. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कॉलेजांची संपादक मंडळं डोळ्यांसमोर आहेत, आणि बीएएमएमसीला (जनसंवाद-माध्यमांच्या पदवीला) मासिकाचा प्रकल्प करणारी मुलंही. प्रकल्पाच्या फाइलला 'वाचक संशोधन' म्हणून चार रंगीत पाय-चार्ट लावले की गुण मिळतात, हे मला माहीत आहे. पण 'तुम्हाला अंक आवडतो का?' या प्रश्नाला बहुतेकांनी 'हो' म्हटलं, एवढ्यावरून एकही पान बदलत नाही. माझी कसोटी एकच. जे कळलं त्यामुळे अंकातलं काहीतरी हललं पाहिजे: टाइप मोठा झाला, एखादा विभाग पुढे आला, फोटोखाली नावं आली. काहीच हलत नसेल तर तो प्रश्न विचारण्यात आपला आणि समोरच्याचा वेळ गेला.

पायरी पहिली: कॅलेंडर काढा

कोकणात हे आधी करावं लागतं. गणपतीच्या आगेमागे कॉलेज कागदावरच चालू असतं. ऑक्टोबर आला की सत्र परीक्षा. शिमग्याला पुन्हा वर्ग रिकामे. म्हणून मुलांशी बोलण्याचं काम जुलैच्या मध्यापासून गणपतीपर्यंत उरका, राहिलेलं परीक्षेचे फॉर्म सुटायच्या आत. जुने अंक मोजण्याचं काम भर पावसात करा, एरवीही लायब्ररीतच अडकून बसावं लागतं. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या पालकांशी बोलायचं असेल तर जुलै बरा. १ जूनपासूनची पावसाळी बंदी तेव्हा चालू असते, मिरकरवाड्यात काय नि मालवणात काय, माणसं घरी भेटतात. आंबेवाल्यांच्या घरी मात्र मार्च ते मे या काळात 'पाच मिनिटं आहेत का' असं विचारूही नका.

पायरी दुसरी: एका प्रतीचा प्रवास लिहा

कोरा कागद घ्या आणि गेल्या वर्षीची एक प्रत कुठे कुठे गेली ते लिहून काढा. स्नेहसंमेलनात मुलीला मिळाली. तिने तिथेच स्वतःचा फोटो शोधला. पावसच्या एसटीत मैत्रिणींनी चाळली. घरी आईने लेकीची कविता वाचली, आजोबांनी चाळशी लावून प्राचार्यांचं मनोगत वाचलं (हो, ते वाचणारे आजोबाच असतात). मे महिन्यात मुंबईहून आलेल्या मामाने 'आमच्या वेळचे सर अजून आहेत का' म्हणून शिक्षकांचा ग्रुप फोटो पाहिला. दुसरी एक प्रत जाहिरात देणाऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यावर गेली, तिसरी संस्थेच्या कार्यालयात, चौथी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलमध्ये. ही शेवटची कोणी वाचत नाही, ती मोजली जाते.

आता दिसतं की 'आमचा वाचक म्हणजे विद्यार्थी' हे वाक्य फार मोघम आहे. अंक वाचणारे वेगळे, चाळणारे वेगळे आणि मंजूर करणारे वेगळे. तिघांसाठी पानं लागतात. फक्त कोणतं पान कोणासाठी, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

ही कल्पना काही नवी नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानाच्या एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर असे. इथली नवशिक्षित माणसं आणि इंग्रज असे दोन वाचक त्यांना एकाच पानावर हवे होते. आज कॉलेजच्या अंकात मराठी, हिंदी, इंग्रजी (काही ठिकाणी उर्दू आणि संस्कृतही) असे वेगळे विभाग असतात. ते वाचकासाठी आहेत की विभागप्रमुखांसाठी, हा प्रश्न यादीत वर ठेवा.

पायरी तिसरी: माणसं निवडा

गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की उत्तरं कोण देतं? ज्यांच्याकडे रेंज आहे ते, आपले मित्र, आणि जे एरवीही सगळे फॉर्म भरतात ते. जयगडकडून येणारी, चार वाजताची गाडी चुकली की अंधार पडेपर्यंत स्टँडवर बसणारी मुलगी त्यात सापडत नाही. आणि अंक हातात धरून बसायला वेळ असेल तर तो तिच्याकडेच.

म्हणून माणसं प्रमाणात घ्या. समजा कॉलेजात ९०० मुलं आहेत आणि त्यातली ५४० एसटीने येतात. चाळीस जणांशी बोलणार असाल तर त्यातली चोवीस एसटीची हवीत. तसंच शाखेचं, वर्षाचं, मुलगे-मुलींचं प्रमाण बघा. ऑफिसात पासांची आणि प्रवेशाची आकडेवारी असते. नावं मागू नका, फक्त संख्या मागा, म्हणजे देतात. मार्गही बघा. रत्नागिरीत असाल तर पावस, मालगुंड, हातखंबा-पाली, साखरतर अशा वेगवेगळ्या दिशांची मुलं यायला हवीत, कारण घरातली भाषा आणि घरातलं वाचन दिशेप्रमाणे बदलतं.

यात पालक पाचसहा, माजी विद्यार्थी पाचसहा, जाहिरातदार दोनतीन आणि लायब्ररीतले कर्मचारी घाला. त्यांना तर विसरूच नका. कोणता जुना अंक मुलं मागतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

टक्केवारीच्या मोहात पडू नका. अगदी चिठ्ठ्या टाकून शंभर जण निवडले तरी निकाल दहा टक्के इकडे-तिकडे सरकू शकतो. चाळीस जणांवरून '६२.५ टक्के विद्यार्थ्यांना कथा आवडतात' असं छापणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. 'एसटीच्या चोवीसांपैकी बहुतेकांनी दोन पानांपेक्षा मोठं काही पूर्ण वाचलेलं नव्हतं' असं साधं लिहा.

नाव, मोबाईल नंबर गोळा करायचे नाहीत. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे. आपल्याला शाखा, वर्ष, गावाची दिशा एवढंच पुरतं.

पायरी चौथी: आवडीबद्दल विचारू नका, घडलेलं विचारा

'तुला काय वाचायला आवडेल?' असं विचारलं की मुलं शहाण्यासारखी उत्तरं देतात. करिअर मार्गदर्शन, स्पर्धा परीक्षा, प्रेरणादायी लेख. मग आपण तेच छापतो आणि ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा:

शेवटचं काय वाचलंस, फोनवर की कागदावर? कुठे बसून? मध्येच का सोडलंस? गेल्या वर्षीचा अंक आत्ता घरात कुठे आहे? तो घरात आणखी कोणी उघडला? त्यातलं एक तरी पान आठवतं का?

'अंक कुठे आहे' हा प्रश्न साधा दिसतो, पण सगळ्यात कामाचा. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला असेल तर घराने तो जपलाय, म्हणजे त्यात जपण्यासारखं काही आहे. बहुतेकदा तो फोटो असतो. पुस्तकांवर कव्हर घालायला मुखपृष्ठ गेलं असेल तर तेही कळायला हवं.

उत्तर जसं येईल तसं उतरवा. मालवणातला मुलगा 'माका येळ खंय गावता' म्हणाला तर 'वेळेचा अभाव' असं लिहू नका. नंतर चार जणांच्या वह्या एकत्र वाचताना या वाक्यांतूनच कळतं की पोरं घरी एका भाषेत बोलतात आणि आपला अंक दुसऱ्याच भाषेत बोलतोय. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीतलं एखादं पान हवं का, हा निर्णय असल्या नोंदींवरून होतो. 'बोलीभाषा संवर्धन' असं वरून ठरवलं की ते पान सरकारी वाटायला लागतं.

एकेकट्या मुलाखती झाल्या की सहा ते आठ जणांची एक गटचर्चा घ्या. सर आणि मॅडम बाहेर हवेत. गटात दोन बोलघेवडे सगळं बोलतात, म्हणून सुरुवातीला प्रत्येकाला जुना अंक आणि एक पेन्सिल द्या. वाचलेल्या पानावर बरोबरची खूण, कंटाळून उलटलेल्या पानावर फुली. आधी खुणा, मग चर्चा.

पायरी पाचवी: बघत बसा

माणूस काय सांगतो आणि हात काय करतो यात अंतर असतं. कँटीनच्या टेबलावर जुने दोनतीन अंक टाकून ठेवा आणि लांब बसा. कोणतं पान पहिल्यांदा उघडलं? पुढून उघडलं की मागून? (मागून चाळणारे पुष्कळ असतात, आपण मागे मात्र अहवाल आणि बक्षिसांच्या याद्या कोंबतो.) बोट कुठे थांबलं? दुसऱ्याला काय दाखवलं? अंक एका हातात धरला की दोन्ही हातांत?

हीच गंमत एसटी स्टँडवरही करा. ए-फोर आकाराचा अंक उभ्याने, एका हातात सॅक धरून वाचता येत नाही, हे दहा मिनिटं बघितलं की कळतं. आकार कोणता घ्यायचा याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पायरी सहावी: जुने अंक मोजा

इथून मांडणीचा अभ्यास सुरू होतो. दहाबारा अंक गोळा करा. आपलेच गेल्या काही वर्षांचे, शेजारच्या दोन कॉलेजांचे, दोनतीन दिवाळी अंक, मुलं विकत घेतात असं एखादं मासिक. दिवाळी अंक का, तर मराठी माणसाच्या मनातली 'अंक' या गोष्टीची घडण तिथून आलेली आहे. 'मनोरंजन'चे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र, मूळचे आजगावकर, यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून चितारलेलं मुखपृष्ठ, मग जाहिराती, अनुक्रमणिका, संपादकीय, कथा, कविता, मध्येच व्यंगचित्र, अशी एक वाट पडत गेली. घरातले आजोबा अनुक्रमणिका जिथे शोधतात तिथे ती का असावी लागते, ते यावरून कळतं.

मोजायला फूटपट्टी, वही आणि एक शहाणा जोडीदार लागतो. प्रत्येक अंकाच्या नोंदी घ्या: लांबी-रुंदी, पानं, रंगीत पानं किती, जाहिराती किती आणि कुठे, पहिला वाचण्याजोगा मजकूर कितव्या पानावर येतो. हा शेवटचा आकडा कॉलेजच्या अंकात लाजिरवाणा निघतो. संस्थेचे पदाधिकारी, शुभेच्छा, मनोगतं, समित्यांच्या याद्या हे सगळं ओलांडून गेल्यावर पहिला लेख भेटतो. दिवाळी अंकाची पहिली पानं जाहिरातींची असतात, पण त्या निदान पैसे तरी आणतात.

मग एका सरळ लेखाच्या पानावर या. ओळींमधलं अंतर असं काढा: पहिल्या ओळीच्या शिरोरेषेवर पट्टीचा शून्य ठेवा, खाली अकराव्या ओळीची शिरोरेषा किती मिलिमीटरवर येते ते बघा आणि दहाने भागा. समजा ५३ मिलिमीटर आले, तर एका ओळीला ५.३ मिलिमीटर. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५३ मिलिमीटर, म्हणजे ओळ १५ पॉइंटची. तसंच 'क' किंवा 'म' शिरोरेषेपासून पायापर्यंत किती उंच आहे तेही मोजा. 'आम्ही बारा पॉइंट वापरला' एवढ्याने देवनागरीत काहीच कळत नाही. बारा पॉइंटचा मंगल फॉन्ट, बारा पॉइंटचा मुक्त फॉन्ट आणि छापखान्यातल्या श्री-लिपी सॉफ्टवेअरचा बारा पॉइंट शेजारी छापून बघा. तिघांची उंची वेगळी दिसेल. मिलिमीटर मात्र खोटं बोलत नाही.

एका ओळीत सरासरी किती शब्द येतात तेही मोजा. एका स्तंभाच्या पानावर आठ-दहा शब्द सुखाने वाचता येतात. ए-फोरच्या पानावर एकच रुंद स्तंभ असेल तर ओळ इतकी लांब होते की पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. कॉलेजच्या अंकात हा दोष सर्रास दिसतो.

नोंदी झाल्या की सगळी मुखपृष्ठं जमिनीवर शेजारीशेजारी मांडा आणि बाकावर उभं राहून बघा. जे पुन्हा पुन्हा दिसतं त्याचे दोन प्रकार असतात. काही गोष्टी वाचकाला लागतात म्हणून टिकल्या आहेत: वरच्या भागात अंकाचं नाव, वर्ष ठळक, कॉलेजचं बोधचिन्ह ओळखीच्या कोपऱ्यात. काही नुसत्याच चालत आल्या आहेत: इमारतीचा फोटो, उघडं पुस्तक आणि लेखणी, होडी, सूर्यास्त. पहिल्या प्रकारच्या मोडायला कारण लागतं. दुसऱ्या प्रकारच्या ठेवायला कारण लागतं.

देवनागरीचे म्हणून काही नियम

मांडणीवरचे बरेच व्हिडिओ आणि तयार टेम्प्लेट रोमन लिपी धरून केलेले असतात. त्यातलं बरंच काही आपल्याकडे चालत नाही, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर.

शीर्षकाची अक्षरं लांब लांब पसरवण्याची फॅशन देवनागरीत करायची नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नसते, त्यामुळे शीर्षक, उपशीर्षक, मजकूर हा फरक जाडी, आकार आणि मोकळ्या जागेतूनच दाखवावा लागतो; एकाच घराण्यातल्या दोन जाड्या पुरतात, सहा फॉन्ट लागत नाहीत. तिरपी अक्षरं आपल्या डोळ्यांना सवयीची नाहीत, त्यांच्याऐवजी ठळक टाइप किंवा रंग घ्या. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर पूर्ण अक्षर घ्यावं लागतं: 'किनाऱ्यावर' या शब्दातला वेलांटीसकट 'कि', 'स्त्री'मधला अख्खा 'स्त्री'. वर वेलांटी, खाली उकार असल्यामुळे ओळींत हवा जास्त लागते. अकरा-साडेअकरा पॉइंटच्या टाइपला पंधरा-सोळाची ओळ ठेवून बघा.

दोन्ही कडा सरळ लावण्याचा हट्ट अरुंद स्तंभात सोडा. मराठी शब्द लांब, ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही, त्यामुळे मधे मधे खड्डे पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं ठेवलं तर बिघडत काही नाही.

'ल' आणि 'श' तपासा. अनेक फॉन्टांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात, आणि आजी-आजोबांना ती लगेच खटकतात. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठी वळणच दिलेलं आहे. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे. काही फॉन्टांत सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' निवडली की वळण बदलतं. 'ऱ्य', 'ऱ्ह', 'र्‍' असलेले शब्द (किनाऱ्यावर, वऱ्हाड, मिऱ्या) छापून बघा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. आणि साहित्य पहिल्यापासून युनिकोडमध्येच मागवा, म्हणजे श्री-लिपीतून बदलून घेताना होणारा गोंधळ टळतो.

आकडे मराठी की इंग्रजी, हे एकदा ठरवून सगळ्या अंकभर पाळा. मुलं दोन्ही वाचतात. खटकते ती सरमिसळ.

इथलं दृश्य कुठून आणायचं

नारळ आणि सूर्यास्त नको, तर मग काय? त्यासाठीही शोधायला बाहेर पडावं लागतं. बंदरावर जाऊन होड्यांच्या नाळेवर रंगवलेली नावं बघा. जाड, सावली दिलेली, लाटेसारखी वळलेली देवनागरी तिथे भेटते, आणि ती रंगवणारा माणूसही भेटतो. सावंतवाडीची गंजिफा गोल पत्त्यांची आहे. गोलात चित्र कसं बसवायचं याचा तो शिकण्यासारखा नमुना. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एका चित्रात एक प्रसंग आणि बाजूने सांगणारा, ही रचना मासिकाच्या पानाला जवळची आहे. बघा, शिका, पण उचलायचं असेल तर कलाकाराला विचारून, नाव देऊन, आणि जमेल तेवढं मानधन देऊन.

रत्नागिरीची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि तेव्हापासून ती लोगो, टी-शर्ट, कमानी, सगळीकडे दिसायला लागली आहेत. अजून दोन वर्षांत ती पण नारळाच्या रांगेत जाऊन बसणार, असं मला वाटतं. वापरायचीच तर उक्षी किंवा कशेळीला स्वतः जाऊन काढलेलं रेखाटन वापरा.

कागद, पिन आणि आपली हवा

आकाराचं थोडक्यात: साडेपाच बाय साडेआठ इंचांचा डेमी हातात मावतो, सव्वासात बाय साडेनऊच्या आसपासचा क्राऊन बऱ्याच दिवाळी अंकांचा, ए-फोर फोटोंना बरा, प्रवासाला वाईट. तोच अंक पीडीएफ म्हणून व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर डेमीचा एकच स्तंभ फोनवर निदान वाचता येतो, ए-फोरचे दोन स्तंभ बोटाने सरकवून सरकवून वाचक कंटाळतो. पानं चाराच्या पटीत ठेवा, छापखाना आठ किंवा सोळा पानांचा फॉर्म मागेल.

लायब्ररीतले जुने अंक उघडाल तेव्हा मधल्या पिनेकडे बघा. किनाऱ्यावरच्या हवेत साध्या तारेभोवती तांबूस डाग पसरलेला असतो आणि मधलं पान तिथूनच सुटलेलं असतं. छापखान्याला गंज न धरणारी तार मागता येते, खर्चात फार फरक पडत नाही. जाड अंकाला परफेक्ट बायंडिंग (पिनेऐवजी पाठीला गोंद) केलं तर आतला समास वीस मिलिमीटरच्या आसपास सोडा, नाहीतर ओळींची टोकं घडीत जातात. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन केलं की पावसाळी हवेत कागदाची उघडी बाजू ओल धरते आणि मुखपृष्ठ गुंडाळायला लागतं. म्हणून अंक पावसाआधी वाटायचा असो वा नसो, नमुन्याचं मुखपृष्ठ दोन दिवस खिडकीत ठेवून बघा. आतल्या मजकुराला चकचकीत आर्ट पेपर नको. ७०-८० जीएसएमचा मॅपलिथो (चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद) ट्यूबलाइटखाली डोळ्यांना बरा.

फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा होतो. छपाईच्या ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) भागलं तर सव्वापाच इंच. पूर्ण पानाला तो पुरत नाही.

पायरी सातवी: खोटा अंक करून फिरवा

ऑफिसच्या प्रिंटरवर आठ पानांचा डमी काढा. खरा मजकूर, खरा आकार, मधोमध दुमडून पिन मारलेला. 'इथे मजकूर येईल' असं लिहिलेली पानं कोणी वाचत नाही, त्यामुळे चाचणीही होत नाही. मुखपृष्ठाचे दोन पर्याय करा. समोरच्याला पाच सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: कोणत्या कॉलेजचा, कोणत्या वर्षाचा, आत काय असेल? 'कोणतं आवडलं' हे विचारायचं नाही.

मजकुरासाठी एकच परिच्छेद तीन आकारांत छापून न्या. मुलं बहुधा तिन्ही वाचतील. आई-वडिलांपुढे ठेवा, संध्याकाळच्या उजेडात, आणि मोठ्याने वाचायला सांगा. कागद जिथे लांब धरला जातो, तो आकार बाद.

अनुक्रमणिकेची चाचणी म्हणजे एक काम द्या: 'सायन्सच्या कोणी लिहिलेला लेख शोध.' 'एनएसएस शिबिराचे फोटो काढ.' किती पानं उलटावी लागली ते मोजा. ग्रुप फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं असलेलं एक पान आणि नसलेलं एक पान देऊन बघा, कुठे जास्त वेळ थांबतात ते. पैजेवर सांगतो, नावांच्या पानावर.

पायरी आठवी: वहीचे दोन रकाने

आता वही उघडा. डावीकडे काय पाहिलं, उजवीकडे त्यामुळे कोणतं पान कसं होणार. 'एसटीत उभ्याने चाळतात', म्हणून डेमी, आणि लेखांची कमाल मर्यादा चार पानं. 'आई वाचते', म्हणून टाइप डमीतल्या दुसऱ्या आकाराचा. 'मागून उघडतात', म्हणून शेवटची आतली चार पानं व्यंगचित्रं, बोलीतल्या म्हणी आणि कँटीनच्या किश्शांना, अहवाल मध्ये. 'इंग्रजी विभाग सलग कोणी पाहिला नाही, पण इंग्रजी कविता वाचल्या', म्हणून विभाग काढून मजकूर विषयाप्रमाणे मिसळायचा. उजवा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद पुढे न्यायची नाही.

ही वही घेऊन मग मंडळासमोर जा. प्राचार्यांचं मनोगत आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो काढून टाका असं म्हणाल तर चर्चा तिथेच संपेल, आणि त्यात त्यांची चूकही नाही. अंकाचे पैसे कुठून येतात हेही एक वास्तव आहे. 'मनोगत अर्ध्या पानात, पण मुखपृष्ठानंतर लगेच, मोठ्या टाइपात, कारण ते घरची वडीलधारी माणसं वाचतात' असं मांडा. समोर खुणा केलेली जुनी प्रत आणि नवा डमी ठेवा. श्रद्धांजली, बक्षिसांच्या याद्या आणि अहवाल काढता येत नाहीत, पण दोन स्तंभांत, लहान टाइपात, एकत्र बसवता येतात. जाहिरातदारांना डमीतली त्यांची जागा दाखवा. कव्हरच्या आतल्या पानासाठी जास्त दर द्यायला ते तयार होतात.

छापखान्याचं कोटेशन डमी दाखवूनच घ्या. कोल्हापूरला छापणार असाल तर घाटातली वाहतूक आणि प्रुफांच्या फेऱ्या धरून तारीख ठरवा. शेवटचं प्रुफ कागदावरच बघा. शिरोरेषेवरचे अनुस्वार स्क्रीनवर निसटतात. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा आहे ना, चार रंगांचा मिसळलेला नाही ना, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

अंक वाटून झाला की महिन्याभराने दहा प्रती परत मागून घ्या, कोणती पानं मळली आहेत ते बघायला. मग सगळं एका फाइलमध्ये घाला: दोन रकान्यांची वही, मोजमापांचा तक्ता, खुणा केलेली प्रत, दोन्ही मुखपृष्ठं, कोटेशन, आणि पेन ड्राइव्हवर अंकाची उघडी फाइल फॉन्टसकट. फाइलवर पुढच्या वर्षीच्या संपादक मंडळासाठी असं लिहा आणि ती लायब्ररीत सहीने जमा करा. स्टाफरूमच्या कपाटात ठेवली तर मे महिन्यात कपाट साफ होतं.